सात इंची सांबा

१९५८ साली साओ पाउलोच्या मध्यवस्तीत, मार्तिनेल्ली नावाच्या उंच इमारतीत, नाचाचा एक कार्यक्रम झाला. जाहिरातीत नाव होतं 'अदृश्य ऑर्केस्ट्रा'. पडदा पाडलेला, पडद्यामागून गाणी येताहेत, आवाजाला कमतरता नाही आणि समोर जोडपी मनसोक्त नाचताहेत. पडद्याआड मात्र एकच माणूस होता. सोबत त्याने स्वतः जुळवलेली यंत्रसामग्री आणि रेकॉर्डींचा गठ्ठा. ओस्वाल्दो परेरा हे त्यांचं नाव. तिकडे त्यांना आदराने 'सेउ ओस्वाल्दो' म्हणतात, आपण ओस्वाल्दोराव म्हणू. ब्राझीलचे पहिले डीजे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

यात गंमत होती, पण मूळ कारण खिशाचं होतं. साओ पाउलोतल्या कृष्णवर्णीय कामकरी कुटुंबांना झगमगीत कोट घातलेला मोठा ऑर्केस्ट्रा परवडत नव्हता आणि गोऱ्यांच्या क्लबात त्यांना कुणी मानाने बोलावत नव्हतं. रेकॉर्ड परवडत होती. त्या परवडण्यातून पुढे एक अख्खी नृत्यसंस्कृती उभी राहिली. सांबाच्या ठेक्यावर रॉक अँड रोलच्या गिरक्या घेणारा 'सांबा-रॉक' हा जोडीनृत्याचा प्रकार साओ पाउलोत घडला. रिओत १९७० साली बिग बॉय आणि अदेमीर लेमोस या दोघांनी 'कानेकाँव' या सभागृहात सोल आणि फंक संगीताच्या रात्री सुरू केल्या. पुढे 'सोल ग्राँ प्री', 'फुराकाँव २०००' यांसारखी ध्वनिपथकं हजारोंच्या गर्दीला नाचवू लागली. साओ पाउलोच्या 'शिक शो'ने तर १९७८ मध्ये खुद्द जेम्स ब्राउनला आणून उभं केलं. आपल्याकडच्या डीजेच्या भिंती पाहिलेल्या वाचकाला या पथकांची कल्पना वेगळी करून द्यायला नको.

प्रस्तुत पुस्तक या नाचाच्या रेकॉर्डींविषयी आहे आणि त्यातही एका विशेष घडामोडीविषयी. गेल्या तीसेक वर्षांत लंडनपासून टोकियोपर्यंतच्या लहान-मोठ्या कंपन्यांनी ब्राझीलची जुनी नाचाची गाणी सात इंची तबकड्यांवर पुन्हा काढायला सुरुवात केली. एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला दुसरं. याला सगळे पुनर्प्रकाशन म्हणतात. माझं म्हणणं असं की यातलं निम्म्याहून अधिक काम पुनर्प्रकाशन नाहीच, ते संपादन आहे. ज्या गाण्याची सुटी तबकडी कधी निघालीच नव्हती, त्याची तबकडी आज निघते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कंपनीने ज्या गाण्याला एलपीच्या दुसऱ्या बाजूला, शेवटून दुसरं बसवलं, त्याला आज पहिल्या बाजूचा मान मिळतो. हा निवाडा कोण देतं, कशाच्या जोरावर देतं आणि तो कितपत खरा आहे, हे पाहण्यासारखं आहे.

आधी वस्तूची ओळख. मिनिटाला ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी अमेरिकेत आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये आणली. आपल्या घरांतही ती होती. भावगीतांच्या, नाट्यगीतांच्या एचएमव्हीच्या ईपी ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना माप सांगायला नको. क्रिस पेरी आणि लॉर्ना यांची कोंकणी गाणी गोव्यात घराघरांत पोचली ती याच मापाच्या तबकड्यांवरून. ब्राझीलमध्ये तिला 'कॉम्पॅक्तो' म्हणत. दोन गाण्यांचा तो साधा कॉम्पॅक्तो आणि चार गाण्यांचा दुहेरी. मात्र तिथली एक रीत वेगळी होती. बहुतेक कॉम्पॅक्तो ४५ फेऱ्यांवर न फिरता एलपीसारखे ३३⅓ फेऱ्यांवर फिरत.

हा तपशील किरकोळ वाटेल, पण आजच्या पुनर्प्रकाशनाची अर्धी बाजू त्यातच आहे. सात इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून खाच किती वेगाने सरकते याचा हिशेब मांडून पाहा. ३३⅓ वर सेकंदाला साधारण २९ सेंटिमीटर, ४५ वर जवळजवळ ४०. तोच ध्वनी जास्त लांबीच्या खाचेत पसरला की झांजांचा, तंबोरिनचा, पितळी वाद्यांचा तीक्ष्ण भाग नीट कोरता येतो आणि आवाजही चढा ठेवता येतो. एलपीचं शेवटचं गाणं तर याहून वाईट अवस्थेत असतं. तिथे केंद्राजवळ खाचेचा वेग सेकंदाला २१ सेंटिमीटरच्या आसपास उतरतो. म्हणजे एलपीच्या पोटात, शेवटी दडलेलं नाचाचं गाणं उचलून ४५ च्या तबकडीवर एकटं बसवलं, तर मूळ रेकॉर्डवर कधी नव्हता असा आवाज त्याला मिळू शकतो. अर्थात गाणं चारेक मिनिटांत मावलं तर. त्याहून लांबलं की खाचा दाटीने कोराव्या लागतात, आवाज पडतो आणि सगळा फायदा जातो. अझिमुथ या त्रिकुटाचं 'जॅझ कार्निव्हल' १९८० च्या सुरुवातीला ब्रिटनच्या पहिल्या वीस गाण्यांत गेलं. एलपीवर ते नऊ मिनिटांच्या वर आहे. सात इंचांत बसवायचं तर त्याला कात्री लावण्यावाचून गत्यंतर नाही, आणि कात्री लावलेलं 'जॅझ कार्निव्हल' माझ्या मते ऐकू नये. त्याची जागा बारा इंची तबकडीवर.

सुटी तबकडी ब्राझीलमध्ये काय करू शकत होती याचं उत्तम उदाहरण जोर्ज बेन. १९६३ मध्ये फिलिप्सने या रिओच्या पोराचं 'मास के नादा' सुट्या रेकॉर्डवर काढलं. गिटार वाजवण्याची त्याची रीत कुणाच्याच साच्यात बसत नव्हती. बोसा नोव्हाची नजाकत आहे असं वाटावं तोवर हात ढोलासारखा पडायचा. गाणं चाललं, म्हणून एलपी निघाली. तीन वर्षांनी ब्राझीलच्याच सेर्जिओ मेंदेसने ते पोर्तुगीज शब्दांसकट अमेरिकेत गाजवलं. त्याच जोर्ज बेनने पुढे ताजमहालावर गाणं केलं, शहाजहान आणि मुमताज यांच्या प्रेमाचं. १९७२ मध्ये ते पहिल्यांदा आलं आणि १९७६ च्या 'आफ्रिका ब्राझील' या एलपीवर विजेच्या गिटारीसह, अंगात आल्यासारखं, पुन्हा आलं. १९७८ मध्ये रॉड स्टुअर्टचं एक जगप्रसिद्ध डिस्को गाणं निघालं, त्याच्या धृपदात हीच चाल. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं, गाण्याचं उत्पन्न युनिसेफला गेलं आणि २०१२ च्या आत्मचरित्रात स्टुअर्टने नकळत चोरी झाल्याची कबुली दिली. कार्निव्हलसाठी रिओला गेला असताना चाल कानात राहिली असावी, असं त्याचं म्हणणं. आग्र्याची कबर, रिओची चाल आणि लंडनच्या गायकाची कमाई, असा हा प्रवास.

ताजमहालाचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. साल्व्हादोर शहरात गोदी कामगारांनी १९४९ मध्ये, म्हणजे गांधीहत्येच्या पुढच्याच वर्षी, 'फिल्योस दे गांधी', अर्थात गांधीपुत्र, या नावाचं कार्निव्हलचं पथक काढलं. पांढरे कपडे, डोक्याला पांढरा फेटा आणि ठेका मात्र पुरता आफ्रिकी देवतांच्या पूजेतला. पथक आजही निघतं. जिल्बेर्तो जिल आणि जोर्ज बेन यांनी १९७५ च्या जोड एलपीवर त्या पथकाच्या नावाचं गाणं ऐसपैस आळवलं आहे. आपला संबंध इतकाच. तो ओढूनताणून वाढवण्यात अर्थ नाही.

आता संपादनाचा मुद्दा. जॉयस या गायिकेची १९८० ची 'फेमिनिना' ही एलपी घ्या. ब्राझीलमध्ये त्यातलं गाजलं ते 'क्लारेआना', मुलींच्या नावांवरून केलेलं अंगाईसारखं गाणं. दूरचित्रवाणीच्या महोत्सवात ते लोकांना आवडलं. त्याच एलपीवर जवळपास शेवटी 'आल्देया दे ओगुम' आहे. शब्द कमी, आलाप जास्त, गिटारचा अखंड रेटा. काही वर्षांनी लंडनच्या क्लबांत जॅझवर नाचणारी मंडळी या गाण्यावर तुटून पडली. एकच एलपी, पण दोन शहरांनी तिच्यातली दोन वेगळी गाणी उचलली. रिओची निवड चुकली होती का? अजिबात नाही. एकाने आईचं गाणं ऐकलं, दुसऱ्याने पायांना लागणारं. पण पुढे सुट्या तबकड्यांवर गाणी चढवण्याची वेळ आली, तेव्हा मत लंडनचं चाललं. पैसे तिथून येत होते.

हे लंडन म्हणजे प्रामुख्याने सोहो आणि तिथली तळघरांतली रेकॉर्डची दुकानं. १९८९ मध्ये असंच एक दुकान म्हणून सुरू झालेलं 'मिस्टर बोंगो' पुढे कंपनी झालं, ब्रायटनला गेलं आणि त्याने ब्राझीलच्या सात इंची तबकड्यांची मालिकाच काढली. जो डेव्हिस यांच्या 'फार आउट' कंपनीने १९९४ पासून जुनं काढण्याबरोबर अझिमुथ, जॉयस, मार्कोस वाली यांना नव्याने स्टुडिओत बसवलं. हे मला जास्त मोलाचं वाटतं. कलावंत हयात असताना त्याचं नुसतं जुनंच विकत राहणं यात एक प्रकारची अवहेलना असते. मार्कोस वाली यांचं १९८३ चं 'एस्त्रेलार' हे व्यायामाच्या वेडावरचं हसरं गाणं आज विशी-पंचविशीतली पोरं नाचून म्हणतात आणि ते स्वतः समोर कीबोर्डवर असतात, हे त्यामुळे शक्य झालं.

सगळं श्रेय परक्यांना देणंही खरं नव्हे. 'तितांस' या रॉक बँडचा ड्रमर शार्ल्स गाविन याने कंपन्यांच्या गोदामांत पडलेल्या मूळ फिती शोधून ब्राझीलच्या बाजारासाठी कित्येक एलपी सीडीवर परत आणल्या. रिओजवळच्या बेलफोर्द रोशो शहरात 'पोलिसॉम' हा रेकॉर्ड छापण्याचा कारखाना होता. तो २००७ मध्ये बंद पडला, २००९ मध्ये एका स्थानिक रेकॉर्ड कंपनीच्या मालकांनी विकत घेतला आणि पुन्हा सुरू केला. आणि रॅपर मार्सेलो दे-दोइस याने २००८ मध्ये क्लाउदिया या गायिकेच्या १९७३ च्या 'देइशा एउ दिझेर'चा तुकडा आपल्या गाण्यात घेतला, तेव्हा देशातली तरुण पोरं आपल्या आयांना विचारू लागली, ही बाई कोण? ब्राझीलच्या स्वतःच्या कानांनी केलेली ही निवड आहे. सुट्या तबकडीच्या बाजारात तिचं वजन वाढायला हवं.

काही गाणी बाजूला पडण्याची कारणं मात्र संगीताबाहेरची होती. १९६४ ते १९८५ ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. १९६८ च्या डिसेंबरनंतर ती फार कडक झाली. विल्सन सिमोनाल हा त्या काळातला सर्वांत मोठा रंजक गायक. १९६९ मध्ये माराकानाझिन्यो स्टेडियममध्ये हजारो प्रेक्षकांचे दोन गट पाडून त्याने त्यांच्याकडून कोरस गाऊन घेतला. पुढे १९७१ मध्ये आपल्या हिशेबनिसाला पोलिसांकरवी उचलून मारहाण करवल्याचं प्रकरण त्याच्यावर आलं, खटला झाला आणि तो राजवटीचा खबऱ्या आहे ही बोलवा सर्वत्र पसरली. रेडिओ बंद, कार्यक्रम बंद, मित्रांची दारं बंद. २००० मध्ये तो गेला. नंतर २००३ मध्ये वकील संघटनेच्या मानवी हक्क समितीने खबरेगिरीच्या आरोपातून त्याला मुक्त केलं. हिशेबनिसाचं प्रकरण त्यामुळे पुसलं जात नाही आणि पुसूही नये. पण तीस वर्षं ज्याचा आवाज आपल्याच देशात ऐकू येत नव्हता, त्याच्या तबकडीच्या मागच्या मजकुरात 'विस्मृतीत गेलेला' एवढंच छापणं ही लबाडी आहे. तो विस्मृतीत गेला नव्हता, त्याला घालवलं होतं.

टिम मायाची गोष्ट उलटी. ब्राझीलला सोल संगीताची गोडी लावणारा हा धिप्पाड गायक १९७४ च्या सुमारास 'राशिओनाल' नावाच्या एका पंथाच्या नादी लागला. पांढरे कपडे, दारू बंद, आणि गाण्यांत सतत पंथाच्या ग्रंथाची जाहिरात. मोठ्या कंपनीला ते नको होतं, म्हणून १९७५ च्या सुमारास त्याने स्वतःच्या 'सेरोमा' कंपनीतर्फे दोन एलपी काढल्या. थोड्याच काळात त्याचा भ्रमनिरास झाला आणि त्याने त्या रेकॉर्डींशी नातं तोडलं. त्यामुळे त्या दुर्मिळ झाल्या, आणि गाणी अशी जबरदस्त की संग्राहक वेडे झाले. कलावंताने हयातीत नाकारलेलं संगीत त्याच्या मृत्यूनंतर काढावं का? टिम माया १९९८ मध्ये वारला. मला वाटतं, काढावं, पण त्याने ते नाकारलं होतं हे वेष्टणावर छापून काढावं.

हक्कांबद्दल थोडं, कारण ब्राझीलच्या संगीताचे चाहते इथेच बेफिकीर असतात. ओडिऑन, फिलिप्स, आरसीए, सीबीएस, कॉन्टिनेन्ताल, कोपाकाबाना या जुन्या कंपन्यांचे संग्रह विलीनीकरणांतून फिरत फिरत आज जवळपास सगळे युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तिघांच्या हाती आहेत. ब्राझीलच्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ७० वर्षांचा आहे, आपल्याकडे ६०. युरोपात १९६३ पूर्वीची ध्वनिमुद्रणं मात्र हक्कमुक्त झाली, म्हणून बोसा नोव्हाच्या स्वस्त एलपींचा पूर तिकडून येतो. नाचाचं जे संगीत या पुस्तकाचा विषय आहे, ते बहुतेक त्यानंतरचं. त्याला परवाना लागतोच. पाचशे-हजार प्रतींच्या तबकडीसाठी बड्या कंपनीच्या दारात महिनोन् महिने ताटकळणं छोट्या प्रकाशकाच्या जिवावर येतं आणि मग चोरवाट सापडते. सीडीवरून आवाज उचलायचा, जुन्यासारखी दिसणारी चकती छापायची, पत्ता द्यायचा नाही. असल्या तबकड्या कानालाच कळतात. खालचा आवाज फुगलेला, वरचा बोथट.

मूळ फीत मिळाली तरी प्रश्न संपत नाहीत. बोसा नोव्हाचे गायक जोआँव जिल्बेर्तो यांनी आपल्या पहिल्या तीन एलपींच्या पुनर्प्रकाशनात ध्वनीशी खेळ केल्याच्या तक्रारीवरून कंपनीविरुद्ध वर्षानुवर्षं खटला लढवला. ऐकणाऱ्यांचं त्यात नुकसान झालं, अस्सल आवृत्ती बाजारात येईनात. तरी म्हातारबुवांचा हट्ट मला बरोबर वाटतो. आवाज कसा असावा हे गाणाऱ्याने ठरवावं, गोदामाच्या मालकाने ठरवू नये.

या सगळ्या चळवळीवर माझा एक आक्षेप आहे आणि तो पुस्तकातही पुरेसा आलेला नाही. सुट्या तबकड्यांवर येतं ते बहुधा १९६५ ते १९८५ मधलं, रिओ-साओ पाउलोचं, आणि त्यातही अमेरिकी फंकच्या जवळ जाणारं. बांदा ब्लॅक रिओचं १९७७ चं 'मारिया फुमासा' सुंदरच आहे. सांबाचा ठेका आणि फंकचा बास इतके एकजीव कुणी केले नाहीत. पण ब्राझील काय तेवढाच नाचतो? ईशान्येचा फोरो, अकॉर्डियन आणि त्रिकोणी घंटेवरचा, हा कोट्यवधींचा नाच. अमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेंच्या परिसरातल्या मेस्त्रे व्हिएराने गिटारवर वाजवलेली, १९७८ मध्ये रेकॉर्डवर आलेली लांबाडा, हाही नाचच. लंडनच्या डीजेला त्यात ओळखीचा बास सापडत नाही, म्हणून या गाण्यांच्या वाट्याला सात इंच फार कमी येतात. वाचकाने ही उणीव मनात धरून पुस्तक वाचावं.

मराठी वाचकाला यातून काय, असं कुणी विचारील. आपल्याकडेही जुन्या तबकड्या जपणारी माणसं आहेत. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था आहे. पण जपणं आणि पुन्हा बाजारात आणणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं आपण जवळजवळ केलेलंच नाही. लावणीच्या, कोळीगीतांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून दोन-दोन गाणी निवडून, नीट आवाज लावून, वादकांची नावं छापून कुणी सात इंची तबकडी काढली आहे असं माझ्या पाहण्यात नाही. परवाना, मूळ फीत, निवड, नावं, या चारही ठिकाणी ब्राझीलवाल्यांना काय अडचणी आल्या आणि त्यांनी त्या कशा सोडवल्या, हे इथे तपशिलात वाचायला मिळेल.

ऐकायला सुरुवात कुठून करावी? जोर्ज बेनचं १९६३ चं आणि १९७६ चं एकेक गाणं पाठोपाठ लावा. मग सिमोनाल, मग 'मारिया फुमासा', मग 'आल्देया दे ओगुम'. गोव्याच्या ज्या घरांत पोर्तुगीज अजून बोललं जातं, तिथल्या वडीलधाऱ्यांना शब्द विचारा, फार काही अडणार नाही. आणि रेकॉर्ड विकत घेणार असाल तर आधी चकती वाचा. गीतकार कोण, संगीतसंयोजक कोण, परवाना कुणाचा, हे छापलेलं नसेल, तर गाणं कितीही आवडतं असो, ती तबकडी दुकानातच ठेवून या.